दौंडचा विसर्ग, उजनीची पातळी

अक्काची कात्री दहा इंची, काळ्या मुठीची. ती टेलरिंगच्या क्लासला जायला लागली तेव्हा अण्णांनी घेऊन दिलेली. सात-आठ वर्षांपूर्वी त्या कात्रीच्या कडीत तिचा अंगठा अडकायला लागला. आधी तिनं कडीला गुंडाळलेली चिंधी सोडून टाकली. मग कडी आतून कानशीनं घासून आणली. शेवटी मोठ्या कडीची नवी कात्री घेतली आणि जुनी माझ्या लेकीला देऊन टाकली. “काम करून करून हात रुंद झालेत गं,” म्हणाली. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

अक्का शाळेचे गणवेश शिवते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण इथल्या पेठांतल्या मशिनींवर शिवलेले शर्ट-पिनो कितीतरी गावांतली पोरं घालतात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा उलगडली की तिचा सीझन सुरू होतो, तो शाळा उघडेपर्यंत. गळ्यात टेप, दंडाला पिना टोचलेली उशी. समोर उभ्या पोराकडे बघून ती छाती-उंचीचा आकडा सांगते आणि टेप लावली तर फार तर अर्ध्या इंचाचा फरक निघतो. एवढ्या पोरांची मापं तिनं घेतली. तिचं माप कुणी घेतलं नाही.

चपलेचा नंबर वाढला, तर दिवसभर पॅडल मारून पाय सुजतात. जोडवी रुतली, सोनारानं कापून काढली, तर अंगानं सुटली. घोरायला लागली, तर दमते. घाम इतका की ब्लाऊज पिळून काढावा, तर काय, सोलापूरचा उन्हाळा. पण घाम जानेवारीतही येत होता. रात्री हाताला मुंग्या यायच्या, बीपी लागलं होतं, साखर सीमेवर आली होती. प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा, गोळी वेगळी, आणि प्रत्येक तक्रारीला घरात एक उत्तर तयार. सगळ्या तक्रारी एका ओळीत मांडून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता काढते. सगळ्यांत वर पीयूषिका ग्रंथी, तिच्यापुढे ‘वृद्धी संप्रेरक’ असं लिहिते आणि खाली रेघ ओढते. त्याच काळात दर रविवारी अक्काच्या घरी जेवत होते, तिच्यासमोर बसून. हे मला अजून सलतं आणि ते सलावं असंच मला वाटतं.

ओळखलं ते दातांच्या डॉक्टरांनी. खालच्या दातांत फटी पडल्या होत्या, वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नव्हते, म्हणून अक्का गेली होती. त्या तरुण डॉक्टरांनी दात बघितले, जीभ बघितली, हात हातात घेऊन बघितले आणि विचारलं, “तुमचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोटो आहे का घरात?” दाजींनी माझ्या लग्नातला फोटो मोबाइलवर मागवला. मीच पाठवला. फोटोत मी शालू नेसून मध्ये उभी आणि शेजारी अक्का. तो पाठवताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. नाक, ओठ, कपाळाचं हाड, हनुवटी. रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते फोटोला दिसत होतं.

आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगाली. १८८६ मध्ये पॅरिसच्या प्येर मारी या डॉक्टरांनी ते ठेवलं. ग्रीक भाषेत ‘अ‍ॅक्रो’ म्हणजे टोक आणि ‘मेगा’ म्हणजे मोठं. हात, पाय, नाक, हनुवटी ही शरीराची टोकं वाढत जातात. डोक्याच्या मधोमध, नाकाच्या मुळामागे हाडाची एक खोबण असते, तिला तुर्की खोगीर म्हणतात. तिच्यात वाटाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका बसलेली असते. तिथं एक साधी गाठ होते. कॅन्सरची नसते, पण ती ग्रोथ हार्मोन, म्हणजे तेच वृद्धी संप्रेरक, करत सुटते. लहान वयात झाली तर माणूस ताडमाड उंच होतो. वाढीचं वय संपल्यावर झाली तर उंची वाढत नाही, हाडं रुंद होतात, आतले अवयवही वाढतात. दर दहा लाखांत साधारण साठ माणसांना हा आजार असतो आणि तो हळूहळू येत असल्यानं ओळखू येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. अक्काची सात-आठ तरी गेली असावीत. कात्रीवरून मोजलं तर.

एमआरआयमध्ये गाठ १४ मिलिमीटर निघाली. दहाच्या वर गेली की ती ‘मोठी’ गणतात. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत जे करतं ते आयजीएफ-वन रक्तात ८१२. तिच्या वयाला, ४३ ला, त्या लॅबची वरची मर्यादा होती २४५.

ऑपरेशन पुण्यात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. ऐन सीझनात. अर्धे गणवेश कापून ठेवलेले, ते शेजारच्या पद्मा वहिनींनी आणि त्यांच्या दोन सुनांनी शिवून दिले आणि शिलाई घ्यायला त्या काही केल्या तयार होईनात. पहाटे हुतात्मा एक्सप्रेसला बसलो तेव्हा अक्काला काळजी होती ती एका शाळेच्या टायच्या रंगाची.

नाकातून दुर्बीण घालून गाठ काढतात, डोकं उघडत नाहीत. ही नाकाकडची वाट १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या श्लोफर नावाच्या सर्जननी पहिल्यांदा वापरली. दोन वर्षांनी अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी अ‍ॅक्रोमेगाली झालेल्या एका शेतकऱ्याच्या ग्रंथीचा काही भाग काढला आणि त्याची लक्षणं उतरली. त्यावरून हा आजार ग्रंथी जादा काम करत असल्यानं होतो ही गोष्ट पक्की होत गेली. त्यांच्याकडे हार्मोन मोजायची काही सोय नव्हती. पेशंटचं डोकं दुखायचं थांबलं का, हात उतरले का, एवढंच बघायचं. रक्तातलं हार्मोन नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजायची युक्ती त्यानंतर पन्नास वर्षांनी निघाली, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळालं. आता मी वर्गात त्यांचं नाव सांगते. त्यांच्या त्या युक्तीवाचून अक्काच्या फाइलीतला हार्मोनचा एकही आकडा आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आकडा आला. ग्रोथ हार्मोन ०.९. आधी १८ होतं. आम्ही तिघं दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून रडलो. ग्रोथ हार्मोन रक्तात फार टिकत नाही, वीसेक मिनिटांत निम्मं होतं. त्यामुळे कारखाना बंद पडला की काही तासांत ते उतरलेलं दिसतं. तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, “अंगठी फिरायलीय बघ बोटात.” खरंच फिरत होती. उशीचा अभ्रा कोरडा होता. रात्री ती घोरली नाही, म्हणून दाजी दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे का ते बघून आले. मांसातली, कातडीतली सूज अशी दिवसांत ओसरते.

पण पुण्याच्या डॉक्टर मॅडम त्या ०.९ वर फारशा हसल्या नाहीत. त्यांना आधी बाकीच्या हार्मोन्सची काळजी. गाठ काढताना चांगली ग्रंथी दुखावली गेली असेल तर शरीर अडचणीच्या वेळी लागणारं कॉर्टिसॉल करू शकत नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून सकाळी आठचं कॉर्टिसॉल. ते काठावर आलं, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप आला, उलट्या झाल्या तर गोळी चुकवायची नाही, उलट वाढवायची, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आणि पाणी. याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण आम्ही इथंच चुकलो.

पीयूषिकेच्या मागच्या भागातून एक हार्मोन येतं, ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी धरून ठेव. ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस तो भाग कधीकधी गप्प बसतो. अक्काला पहिल्या रात्री सारखी लघवी होत होती आणि घसा कोरडा पडत होता. नर्स प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी मिलिलीटरमध्ये एका तक्त्यावर लिहीत होती. दिवसाला पाच लिटर गेली. तिसऱ्या दिवशी ते आपोआप थांबलं. आम्हाला वाटलं, पाण्याचं प्रकरण संपलं.

सहाव्या दिवशी घरी आलो. सोलापूर ४३ अंशांवर. आईनं माठ भरून ठेवला होता. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी नेमकं आलेलं, त्यामुळे घरात पाण्याची श्रीमंती होती. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी तांब्या येतो, मग बाकीची विचारपूस. आजारी माणसाला तर आग्रह करून पाजायचं. आई दर अर्ध्या तासाला तांब्या घेऊन येत होती. ताक, लिंबूपाणी, कोकम. शेजारणी शहाळी घेऊन आल्या. अक्का सगळ्यांचं मन राखत प्यायली.

आठव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. उलटी झाली. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, तिथं ऊन लागलंय म्हणाले, भरपूर पातळ पदार्थ द्या. आम्ही दिले. रात्री अक्कानं मला “वैनी” म्हणून हाक मारली. मी तिची सख्खी धाकटी बहीण. मी डिस्चार्जचा कागद काढला. त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, ‘सातव्या दिवशी सोडियम.’ सातवा दिवस रविवार होता, म्हणून आम्ही सोमवारी करू म्हटलं होतं. तो सोमवार उलट्यांच्या गडबडीत गेला.

सोडियम १२१ निघालं. किमान १३५ हवं.

झालं होतं असं की तोच मागचा भाग आठवड्याभरानं साठवलेलं हार्मोन एकदम सोडून देतो. मग मूत्रपिंड पाणी धरून बसतं, बाहेर टाकत नाही, आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. चौथ्या ते दहाव्या दिवसांत हे होऊ शकतं आणि म्हणूनच त्या एका तपासणीला इतकी किंमत. रात्रीत भरती केलं. पुण्याच्या मॅडम फोनवर इथल्या डॉक्टरांशी बोलत होत्या. सोडियम घाईनं वर आणायचंही नसतं, मेंदूला इजा होते, म्हणून हळूहळू, दर काही तासांनी रक्त तपासत. आणि दिवसाला एक लिटरच्या आत पाणी. मे महिन्यात, सोलापुरात.

आईला हे सांगणं फार अवघड गेलं. तिनं आयुष्यभर पाणी साठवलं, वाचवलं, पहाटे उठून भरलं, आणि लेकीला देण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं. ती दाराशी बसून राहिली, हातात रिकामा पेला. मग दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच स्वयंपाकघरातलं औषधाचं मापटं आणलं आणि म्हणाली, “मी मोजून देते. मला सांगा किती.” चार दिवस तिनं शंभर-शंभर मिली मोजून दिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारल्या. सोडियम १३६ वर आलं. ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय.

त्यानंतरचे तीन महिने नुसते वाट बघण्याचे. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. सहाव्या आठवड्यात कॉर्टिसॉल चांगलं आलं, गोळ्या हळूहळू बंद झाल्या. थायरॉइड ठीक. पण गाठ पुरती गेली का, हे सांगणारा आकडा बारा आठवड्यांआधी काढायचाच नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. का, ते मला पुस्तकी भाषेत कळत होतं. दाजींना कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी ०.९ आलं ना, मग आता कशाची वाट?

दाजी यंत्रमागावर जॉबर आहेत. सकाळी चहाबरोबर पेपर उघडतात आणि पावसाळ्यात सगळ्यात आधी उजनी धरणाची चौकट बघतात. आमच्या जिल्ह्यात सगळेच बघतात. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, किती, वरच्या अंगाला भीमेवरच्या दौंडवरून धरणात येणारा विसर्ग किती क्युसेक. सोलापुरात आभाळ कोरडं असलं तरी पुण्याकडच्या घाटात पाऊस झाला की दौंडचा आकडा उसळतो. दुपारी पन्नास हजार, रात्री ऐंशी, दुसऱ्या दिवशी दहावर. त्या एका आकड्यावरून धरणाचं काही खरं सांगता येत नाही. सांगता येतं ते पातळीवरून, आणि पातळी हळू हलते.

मी पेपरच्या कोऱ्या जागेत काढून दाखवलं. दाजी, डोक्यातून येणारं ग्रोथ हार्मोन म्हणजे दौंडचा विसर्ग. ते लाटांनी येतं. झोपेत जास्त, दिवसा कमी, व्यायामानं वाढतं, घाबरलं तरी वाढतं. निरोगी माणसाचंही एखाद्या वेळी चढं सापडेल आणि दुसऱ्या वेळी जवळपास शून्य. ते यकृतात जातं आणि यकृत आयजीएफ-वन करतं. ती उजनी. दिवसभरात फारशी हलत नाही. वर पाऊस थांबला तरी धरण एका रात्रीत उतरत नाही. आपल्याला ती उतरलेली बघायचीय.

दाजी बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “म्हणजे आपण पहिल्यांदाच धरण रिकामं व्हायची वाट बघायलोय.”

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याला गेलो. त्या दिवशी दोन तपासण्या झाल्या. एक आयजीएफ-वन. दुसरी साखरेची. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास ठरावीक वेळानं रक्त द्यायचं. साखर पोटात गेली की निरोगी पीयूषिका ग्रोथ हार्मोन आवरते. गाठ आवरत नाही. म्हणजे हा विसर्ग मोजायचाच, पण दरवाजे बंद करायला सांगून मोजायचा. जुन्या हिशेबात ते १ च्या खाली यावं लागायचं, आताच्या जास्त बारीक मोजणाऱ्या यंत्रांवर ०.४ च्या खाली बघतात.

अक्काचं आलं ०.५. आणि आयजीएफ-वन ३१८.

ना धड इकडे, ना धड तिकडे. ८१२ वरून ३१८, पण २४५ च्या वरच. येताना गाडीत कुणी बोललं नाही. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी खिडकीतून दिसतं, त्या वर्षी ते भरत आलेलं होतं. अक्का तिकडे बघत होती.

मॅडम म्हणाल्या होत्या थांबू या, तीन महिन्यांनी परत बघू. काहींचं आयजीएफ-वन उतरायला जास्त वेळ घेतं, थोडंच जास्त असेल तर घाई करायची नाही. नाहीच उतरलं तर उपाय आहेत. महिन्याला एक इंजेक्शन असतं, ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड. कॅबरगोलिनच्या गोळ्या असतात. उरलेल्या गाठीवर किरणांचा उपचार असतो, त्याचा गुण यायला वर्षं लागतात. पण आम्हाला राहवेना. ऑगस्टमध्ये दाजींनी कुणाला न सांगता इथल्याच एका लॅबमध्ये रक्त देववलं. रिपोर्ट आला ४०२.

त्या रात्री अक्का माझ्याकडे राहायला आली. झोपली नाही. म्हणाली, “परत वाढायलंय का गं सगळं?” आणि हात दिव्यापुढे धरून बघत बसली. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. दुसऱ्या लॅबची पद्धत वेगळी होती आणि त्यांची वरची मर्यादाही वेगळी, बरीच वर. म्हणजे तो ४०२ त्या ३१८ च्या पुढे मांडायचाच नव्हता. आयजीएफ-वनचे आकडे एका लॅबचे दुसऱ्या लॅबशी सरळ जुळत नाहीत. दर वेळी तीच लॅब, तीच पद्धत, आणि वयाप्रमाणे त्यांनी दिलेली मर्यादा. कुणाला हा आजार असेल आणि माझं एवढंच वाचणार असाल, तर एवढं वाचा. सातव्या दिवशीचं सोडियम आणि कायम एकच लॅब.

ऑक्टोबरमध्ये २६७. मार्चमध्ये, ऑपरेशनला अकरा महिने होत आले तेव्हा, २२८.

मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि या वेळी हसल्या. दरवर्षी तपासणी चालू ठेवायची, कारण हा आजार परतू शकतो. आतड्याची दुर्बिणीनं तपासणीही करून घ्यायची, कारण अ‍ॅक्रोमेगालीत आतड्यात गाठी व्हायची शक्यता जास्त असते. बीपीची गोळी अर्धी झाली. साखर मर्यादेत आली.

अक्कानं एकच विचारलं, “हे परत पहिल्यासारखं होईल का?” हनुवटीवर हात ठेवून. मॅडमनी खोटा धीर दिला नाही. सूज ओसरते, वाढलेलं हाड मागे जात नाही. जबड्याचं ऑपरेशन करता येतं, पण हार्मोन्स बराच काळ ठीक राहिल्यावर. अक्कानं मान हलवली. ती मला म्हणाली नाही, पण मला माहीत आहे की तिनं माझ्या लग्नाचा तो फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे. अधूनमधून उघडते. कधी काही बोलत नाही.

गुढीपाडव्याला तिनं स्वतःसाठी ब्लाऊजपीस काढला. आठ वर्षांत तिनं स्वतःचा ब्लाऊज माप घेऊन शिवला नव्हता, दर वेळी अंदाजानं सैल करत गेली होती. टेप गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. “तू घे. मला पाठीचं येत नाही.”

मी कधी कुणाचं माप घेतलेलं नाही. तीच सांगत गेली, कुठून कुठपर्यंत धरायचं, टेपमध्ये एक बोट ठेवायचं. पद्मा वहिनी वही घेऊन बसल्या. खांदा, होता तेवढाच. पाठ, होती तेवढीच. दंडघेर दीड इंचानं कमी. मनगट अर्ध्या इंचानं. वहिनींनी मनगटाचा आकडा लिहिला आणि थांबल्या, म्हणाल्या, परत घे. मी परत घेतला. तेवढाच आला.

“लिही,” अक्का म्हणाली.